कपाटातलं मीठ

कागदाच्या कपाटात मीठ मी ठेवलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. त्या ऑफिसात आठ महिन्यांत न सांगता केलेलं माझं ते पहिलं काम.

श्रावण चालू होता. कागद हाताला मऊ लागायचे, झेरॉक्स मशीनमध्ये दोन-दोन चिकटून जायचे आणि मॅडम करवादायच्या. कागद ओल धरतो एवढं मला कळत होतं. आमच्या खाडीकडच्या घरांत तांदळाच्या कणगीत मिठाची पुरचुंडी ठेवतात. मीठ ओल आपल्याकडे ओढून घेतं आणि तांदूळ सुटा राहतो. आमचं मिठागर होतं तेव्हापासूनची ही रीत. पुढे बांध फुटला, खाडी आत आली आणि मिठागर गेलं, पण रीत राहिली. माळ्यावर एक पोतंभर मीठही राहिलं. त्यातलंच चार मुठी मीठ मी डब्याच्या पिशवीतून रोह्याला नेलं. जुन्या लुगड्याच्या फडक्यात दोन पुरचुंड्या बांधल्या. एक वरच्या फळीवर, एक खालच्या, कागदांच्या थप्प्यांवर मागच्या बाजूला ठेवली, पटकन दिसणार नाही अशी.

घरी सासूबाई ती पुरचुंडी रोज सकाळी चुलीवरच्या शिंक्यात टांगतात, चांगली कोरडी करतात आणि मगच परत कणगीत ठेवतात. सोळा वर्षं मी ते बघत आले. पण ते काम त्यांचं, माझ्याकडे फक्त बांधायचं. म्हणून ऑफिसात मला बांधणं आठवलं आणि सुकवणं आठवलंच नाही.

आमचं ऑफिस म्हणजे रोह्याहून धाटावला जाताना रस्त्याला लागून असलेल्या तीन खोल्या. साहेब धाटावच्या कंपन्यांना कंत्राटी माणसं पुरवतात. मॅडम त्या माणसांचे कागद बघतात. मी झाडलोट, चहा, पाणी करायची आणि मशीनजवळ उभं राहून कागद द्यायची. कामाला मला मोठ्या दिरांनी लावलं. ते शिफ्टच्या माणसांची बस चालवतात, रामवाडीवरून धाटावपर्यंत. साहेबांशी त्यांची ओळख. त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकला आणि सासूबाईंनी एका अटीवर हो म्हटलं. एक जरी तक्रार आली तरी घरी बसायचं, परत विषय नाही काढायचा.

घरी बसणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. नवरा बार्जवर, दोन-दोन महिन्यांनी येणार. बाकी घर, अंगण, मोरी. लग्न झाल्यापासून गावाबाहेर एकटी अशी मी कुठे गेलेच नव्हते. ऑफिसलाही एकटी जात नव्हते म्हणा. भावजींच्याच बसने जायचं, त्यांच्याच बसने यायचं, त्यांच्या मागच्या सीटवर बसायचं. समोरच्या आरशात त्यांना मी दिसायची. तरी दहा ते पाच एवढा वेळ मी कोणाची सून नव्हते, कोणाची जाऊ नव्हते. ते तास मला सोडायचे नव्हते.

मशीन मधल्या खोलीत होतं. ती आधी सामानाची खोली होती, खिडकी नव्हती. पावसाने दार फुगलं होतं आणि आतली कडी तुटलेली. दार एकदा लागलं की आतून उघडता यायचं नाही. बाहेरून कोणीतरी खांद्याने ढकलायला लागायचं. म्हणून मी माझं स्टूल दारात अडकवून ठेवायची आणि मशीनजवळ उभी राहायची. कधी स्टूल सरकायचं आणि दार लागायचं. मग मी बोटाने दार वाजवायची, अगदी हळू. मॅडमना ऐकू जायचं नाही. त्या दुसऱ्या कामाला आल्या की, 'अगं, तू आत आहेस होय,' म्हणायच्या.

मीठ ठेवल्याला आठवडा झाला असेल. सोमवार होता. सोमवारी माणसांचे नवे गेटपास निघतात आणि प्रत्येक पासाला आधार कार्डाची झेरॉक्स लावायची असते. गेटवरचा शिपाई झेरॉक्सवरचा फोटो बघतो, माणसाचं तोंड बघतो आणि आत सोडतो. त्या सोमवारी झेरॉक्स पुसट आली. सगळीकडे सारखी पुसट नव्हती. कुठे अक्षरं बरी, कुठे मधलीच ओळ गेलेली, आणि फोटोच्या जागी पांढरा डाग, त्याला दोन कान.

मॅडमनी काळं करायचं बटण दाबलं. अजून दाबलं. काच पुसली. मग खालचं झाकण उघडून टोनर काढला, दोन्ही हातांत आडवा धरून हलवला, परत बसवला. पहिल्या दोन प्रती जरा बऱ्या आल्या. तिसरी परत तशीच. त्या म्हणाल्या टोनर संपला, आणि मेकॅनिकला फोन लावायला बाहेर गेल्या.

मी कागद आणायला म्हणून कपाटात हात घातला. हाताला पुरचुंडी लागली आणि मी हात तसाच ठेवला. ती भिजलेली होती, चिंब. फडक्यातून पाणी सुटून खालच्या थप्पीत उतरलं होतं. वरून कागद चांगला दिसत होता, पण मधे बोट घातलं की गार लागायचं. मिठाला पाणी सुटलं की कसं लागतं ते मला कोणी शिकवायला नको. खालची पुरचुंडी बघितली, ती पण तशीच. कपाट बंद, खोली बंद, उष्णता कुठेच नाही. मिठाने ओल ओढली होती आणि ओढून झाल्यावर सगळी कागदांवर सोडली होती.

बाहेर मॅडम फोनवर बोलत होत्या. मी दोन्ही पुरचुंड्या डब्याच्या पिशवीत घातल्या.

तेव्हाच सांगितलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी नंतर पुष्कळ केला. मॅडम रागावल्या असत्या, कागद बदलला असता. पण त्या वेळी माझ्या डोक्यात एकच होतं. मॅडम साहेबांना सांगणार, साहेब भावजींना, भावजी सासूबाईंना. चार माणसं, आणि शेवटी मी मोरीवर.

संध्याकाळी बसमध्ये पिशवी ठिबकायला लागली. माझ्या सीटखालून ओघळ पुढे गेला, भावजींच्या पायापर्यंत. त्यांनी आरशात बघितलं.

"डबा सांडला का गो?"

"व्हय," मी म्हटलं.

मंगळवारी मेकॅनिक आला. पन्नाशीचा माणूस, पेणकडचा, मोटरसायकलला मागे पत्र्याची पेटी. कमी बोलणारा. त्याने मशीन उघडलं, ड्रम पुसला, आतली तार साफ केली, नवा टोनर घातला. बघायला म्हणून स्वतःच्या पेटीतला कागद लावला. झेरॉक्स काळीभोर आली. मॅडम खूश. तो गेला. दुपारी मॅडमनी कपाटातला कागद भरला आणि झेरॉक्स परत पुसट.

ते दोन-तीन दिवस मी त्या कागदांच्या मागे लागले होते. जेवायच्या सुट्टीत मॅडम पुढच्या खोलीत डबा खायच्या, तेव्हा मी शंभर-शंभर कागद काढून मशीनच्या मागे, जिथून गरम वारा येतो तिथे उभे करायची. कागद सुकायचे पण वाकडे व्हायचे, पापडासारखे. ते भरले की मशीनमध्ये अडकायचे आणि लाल दिवा लागायचा. मॅडम झाकणं उघडून चुरगळलेला कागद ओढायच्या आणि म्हणायच्या, मेकॅनिकने काहीतरी बिघडवून ठेवलंय. मी बाजूला उभी राहून हो म्हणायची. खरंच म्हणायची. एकदा तर त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं.

बुधवारी सकाळी गेटवरून चार माणसं परत पाठवली. फोटो कळत नाही म्हणून आत घेतलं नाही. तीन जण तरणे होते, ते शिव्या घालत चहाच्या टपरीवर गेले. चौथे एक काका होते, गागोदे बुद्रुककडचे, लावणी उरकून दोन महिने कामाला आलेले. ते गेटपासून चालत ऑफिसात आले. मॅडमनी त्यांच्या आधार कार्डाची परत झेरॉक्स काढली. पुसट. उलटा कागद घालून काढली. पुसट. तिसरी काढली त्यात डोळे आले पण खालचं तोंड गेलं.

काका झेरॉक्स हातात धरून बघत राहिले. मग मला म्हणाले, "मशीनला माझं तोंड दिसत नाय वाटतं. एवढा काळा माणूस, उमटायला पायजे होता."

मॅडम हसल्या. मला हसायला आलं नाही. शिफ्टची वेळ होऊन गेली. काकांनी तो कागद नीट घडी घालून खिशात ठेवला आणि परत जायची गाडी कधी आहे ते विचारलं. मी त्यांना पाणी दिलं. एवढंच मला जमलं.

साहेबांना कंपनीतून फोन आला असणार. ते मेकॅनिकला फोनवर जे बोलले ते सगळ्या ऑफिसला ऐकू गेलं. जुना टोनर भरून नवा म्हणून घातलास, असं ते म्हणत होते. उद्या ये, नाहीतर परत येऊच नकोस, आणि धाटावच्या दुसऱ्या कुठल्या ऑफिसात तुला कसं काम मिळतं ते बघतो.

गुरुवारी तो आला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं. कोणाशी न बोलता मधल्या खोलीत गेला. साहेबांनी मला सांगितलं, त्याच्याजवळ थांब, तो काय बदलतो ते बघ. मी कोपऱ्यात उभी राहिले. त्याने पेटी आत ओढली, पेटी स्टुलाला लागली, स्टूल सरकलं आणि दार लागलं.

"ह्ये आतून उघडत नाय," मी म्हटलं.

"असू दे. मला कुठं जायचंय," तो म्हणाला.

परक्या माणसाबरोबर बंद खोलीत मी आयुष्यात उभी राहिले नव्हते. तो मात्र कामाला लागला होता. टोनर काढून उजेडात धरला, ठीक होता. ड्रम बघितला, ठीक. मग कागदाचा ट्रे बाहेर ओढला आणि त्यातले कागद काढून बाजूला ठेवताना थांबला. एक कागद दोन बोटांत घेऊन चोळला. मग रिकाम्या ट्रेच्या पत्र्यावरून बोट फिरवलं. पत्र्यावर पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं, कडेला गंज धरायला लागला होता. त्याने बोट बघितलं आणि जिभेच्या टोकाला लावलं.

मी खाली बघत होते.

"तुमच्याकडं मिठागर हाय का गो बाय?"

"होतं," मी म्हटलं.

"आमचं पन होतं. पाणी शिरलं त्यात गेलं."

एवढं बोलून तो ट्रे फडक्याने पुसायला लागला. काय केलंस, का केलंस, काही विचारलं नाही. मला वाटलं होतं तो ओरडेल, दार बडवेल, साहेबांना हाक मारेल. त्याच्या हातात सगळं आलं होतं. तो नुसता पुसत होता, कोपऱ्याकोपऱ्यातून, आणि मला तिथून पळताही येत नव्हतं.

किती वेळ गेला माहीत नाही. मग बाहेरून दाराला खांदा बसला आणि साहेब आत आले. मागे मॅडम.

साहेबांनी विचारलं, काय झालं. मेकॅनिक म्हणाला, मशीन चांगलं आहे, कागद ओला आहे. साहेब म्हणाले, कागद कपाटात असतो, कपाट बंद असतं, ओला कसा होईल. मेकॅनिकने ट्रे परत बसवला. साहेब म्हणाले, आता कागदावर आलास होय, टोनरचं निघालं म्हणून. मेकॅनिकने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. तो म्हणाला, पावसाचे दिवस, ओल धरते. साहेबांनी त्याची पेटी पायाने दाराकडे सरकवली. उचल म्हणाले. परत या रस्त्याला दिसू नकोस.

तो पेटीला कडी घालायला वाकला. त्याचे हात टोनरने काळे झालेले होते आणि कडी लागत नव्हती.

"कपाटात मीठ मी ठेवलं होतं," मी म्हटलं.

माझा आवाज इतका लहान होता की साहेबांनी, काय, म्हणून विचारलं. मला ते परत म्हणायला लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं जास्त कठीण गेलं.

"कागदाला ओल लागू नये म्हणून ठेवलं. त्यालाच पाणी सुटलं. यांचं काय नाय त्यात."

मग मॅडमनी कपाट उघडलं, थप्पीत हात घातला आणि, अगं बाई, म्हणाल्या. साहेब माझ्याकडे बघत होते. मी तोंड वर केलं नाही, त्यांचे बूट बघत होते. आता म्हणतील, उद्यापासून येऊ नकोस.

साहेब हसायला लागले.

"लोणचं घालायचं होतं का कागदाचं?"

मॅडमही हसल्या. साहेबांनी मेकॅनिकच्या पाठीवर थाप मारली, राग नको धरूस म्हणाले, आणि त्याच्यासाठी चहा सांगितला. चहा करायची मीच होते. मी चहा केला. तोवर मॅडमनी रोह्याच्या दुकानातून नवा कागद मागवला. झेरॉक्स काळी आली, परत काढलेले गेटपास दुपारपर्यंत गेटवर पोचले. गागोद्याच्या काकांचा पासही त्यात होता. मेकॅनिक जाताना मोरीवर हात धुवायला आला. मी साबण पुढे केला. तो म्हणाला, "सांगितलं नसतंस तरी चाललं असतं." मला माहीत होतं ते खोटं आहे. त्याच्याकडे तीच चार-पाच ऑफिसं होती.

मला कामावरून काढलं नाही. मॅडमनी एवढंच सांगितलं, की मशीनला आणि कपाटाला आता हात लावायचा नाही. मधल्या खोलीत जायचंच नाही. स्टूल पुढच्या खोलीत आलं, दाराजवळ, जिथे येणारा-जाणारा प्रत्येक माणूस बघतो. त्या बंद खोलीला मी कंटाळले होते असं मला वाटायचं. बाहेर बसल्यावर कळलं की तिथे निदान कोणी बघत नव्हतं.

संध्याकाळी बस आली. साहेब स्वतः रस्त्यापर्यंत आले, बसच्या खिडकीवर हात ठेवून भावजींना सगळं सांगितलं, लोणच्यासकट. शिफ्ट सुटलेली माणसं बसमध्ये बसली होती, ती पण हसली. भावजीही हसले. मी चढले आणि माझ्या सीटवर बसले.

नागोठणे गेलं तरी त्यांनी आरशात बघितलं नाही. एक-एक माणूस उतरत गेला. रामवाडीला शेवटचे दोघे उतरले आणि बसमध्ये आम्ही दोघंच राहिलो, तेव्हा त्यांनी इंजिन बंद केलं.

"त्या दिवशी डबा नव्हता सांडला," ते म्हणाले.

"नाय."

"घरी मी काय बोलणार नाय."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. घरापर्यंत मी हलकी होऊन चालत गेले. सासूबाई ओट्यावर होत्या. त्या रोज विचारतात तसं त्यांनी भावजींना विचारलं, "ही नीट करते ना रे काम?"

रोज भावजी चप्पल काढता काढता हो म्हणून आत जायचे. त्या दिवशी ते थांबले. आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "करते."

तेव्हापासून रोज असंच आहे. रोज प्रश्न, रोज आधी माझ्याकडे बघणं, मग उत्तर. ते वाईट माणूस नाहीत. मला कधी उलट बोलले नाहीत. पण दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सांगितलं की मोठ्या जाऊबाईंची कंबर दुखते, संध्याकाळची भांडी तू घासत जा. मी घासते. मग सकाळचं पाणीही माझ्याकडे आलं. गौरीला दोन दिवस माहेरी जाऊ का, असं विचारायचं मी मनात ठरवलं होतं. विचारायला गेले आणि ते झोपाळ्यावर बसलेले दिसले. नुसते बसलेले, माझ्याकडे लक्षही नव्हतं. मी मागे फिरले.

सांगून टाकावं असं रोज वाटतं. सासूबाईंना एक वाक्य सांगायचं आहे, ऑफिसात दोनदा सांगितलं तेच. बसमध्ये मी ते तोंडातल्या तोंडात म्हणून बघते. तिथे मेकॅनिकची पेटी दाराकडे सरकली होती म्हणून ते माझ्या तोंडातून निघालं. स्वतःसाठी म्हणायला गेलं की निघत नाही. आणि निघालं तर उद्या दहा वाजता मी कुठे असेन, ते मला माहीत आहे.

काल भावजी मोरीवर पाय धूत होते तेव्हा सासूबाईंनी विचारलं. त्यांनी आधी पाय धुऊन घेतले. मग पंच्याला पाय पुसत माझ्याकडे बघून म्हणाले, "करते, अजून तरी."

सासूबाईंनी मान वळवली. अजून तरी म्हणजे काय, ते त्या आता मला विचारतील असं वाटलं. मी हातातलं काम ठेवून उभी राहिले. त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढून भात शिजला का बघितलं आणि ताटं घे म्हणाल्या.